लिफ्टर

कापसाचा सीझन सरला की जिनिंगचं आवार आमचं.
एक खांब लोखंडी, दुसरा बाभळीचा,
नेट पोत्याच्या सुतळीनं तीनदा सांधलेलं,
गाठींत अजून रुई अडकलेली.

फक्की संपली, म्हणून मागची रेघ
इलियासनं राखेनं मारली.
नऊ पावलं रुंद, अठरा लांब.
त्याच्या टांगा लांब,
म्हणून अख्ख्या मानवतात आमचंच कोर्ट मोठं.

सर्व्हिस येते.
गुणवंत मनगटं जोडून गुडघ्यात वाकतो,
चेंडू हातांवर थापकन् वाजतो
आणि माझ्याकडं वळतो.

माझ्या दहा बोटांत तो थांबत नाही.
थांबला तर फाऊल.
तेवढ्यातच ठरवायचं
कुणाला द्यायचा, किती उंच,
नेटपासून किती लांब.
नजर मात्र भलतीकडं.

मग इलियास हवेत.
पत्र्यावरची कबुतरं उडतात,
सगळे त्याचं नाव ओरडतात,
मीही.

घरी आई विचारते,
तू किती मारलेस रं?
एकबी नाही.
ती काही बोलत नाही.
तव्यावरची भाकरी
बोटांच्या टोकांवर उचलते,
नजर चुलीतल्या जाळाकडं,
आणि बरोब्बर माझ्या ताटात सोडते.