एकशे दहा थाऊ

इंचाचे हजार भाग केले की त्यातल्या एकाला
आमच्या शेडमध्ये थाऊ म्हणत.
एकतीस वर्षं मी इंजिनांचे थाऊ मोजले,
आता बेस गिटारच्या तारा मोजतो,
त्याच मायक्रोमीटरने, भुसावळात, रविवारी,
पंखा बंद करून. पंख्याची घरघर
नेमकी जाड तारेच्या सुरात मिसळते.

पंचेचाळीस, पासष्ट, पंच्याऐंशी, एकशे पाच.
पाकिटावर छापलेलं असतं,
बहुतेकांचं आयुष्य ह्याच चार आकड्यांत निघून जातं.
माझंही गेलं असतं.

पण डाव्या हाताची अनामिका
अठ्ठ्याण्णव साली बोगीखाली सापडली.
बरी झाली, जाड तारेवर मात्र
दुसऱ्याच गाण्याला रुसून बसते.
तिला चाळीसची लागते.

आणि पारबताबाईंचा गळा.
एके काळी पांढरी चार.
जयंतीच्या रात्री तिसऱ्या कडव्याला
पहिल्या रांगेतली पोरं कानावर हात ठेवून हसायची.
मग पांढरी तीन. मग एका एप्रिलात,
रात्री दहालाही गरम झळा,
त्या केसांत पिन खोचत म्हणाल्या,
"फिटरदादा, काळी दोन घ्या."

माझी शेवटची तार पांढरी तीनवर संपते.
त्याखाली जमीन नाही.
खुंटी सैल केली, तर एकशे पाच लोंबली,
मालगाडीच्या सुट्या साखळीसारखी
खडखडत राहिली सगळा कार्यक्रमभर.
कुणाला कळलं नाही.
मला कळलं, आणि त्यांना.

बोटाला पातळ पाहिजे, गळ्याला जाड.
जळगावच्या दुकानातला पोरगा म्हणे,
"सेट फुटत नाही, काका."
"मंग मले दोन्ही दे."
एक हलका, एक भारी. वरच्या तीन हलक्यातल्या,
खालची एकशे दहा.
उरलेल्या चार खिळ्याला टांगल्या.
बायकोने बिल पाहिलं, बोलली नाही,
चटणीचे शेंगदाणे जरा जास्त वेळ कुटले.

एकशे दहा नटच्या खाचेत बसेना.
पाच थाऊ जास्त. माणसाचा केस तीन थाऊचा,
म्हणजे पावणेदोन केस.
गोल कानस, दोन हात, फुंकर, पुन्हा मोज.
किती घासायचं हे तक्त्यात नसतं,
कानशीचा आवाज बदलतो तेव्हा थांबायचं.
मान उन्हाने वाकली होती,
आतल्या सळईला पाव वळसा दिला
आणि रात्रभर तिला हात लावला नाही.

वरणगावला मंडपाच्या मागे
मी त्यांना वाजवून दाखवली. काळी दोन.
खुर्चीच्या पत्र्यातून कंबरेत शिरली.
काढ्याची बाटली मांडीवर धरून
त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या.
"आता कशी लागली!" म्हणाल्या.
मग घसा खाकरला,
माझ्याकडे न बघता विचारलं,
"आज काळी एक जमंल का हो?"

एकशे तीसची तार असते,
पण ती पाच तारांच्या गिटारीला.
आज आहे त्यातच. आज बोटं ब्रिजजवळ न्यायची,
तिथे सैल तारसुद्धा थोडी ताठ लागते,
आणि हळू वाजवायचं.

मी खुंटी फिरवू लागलो.
त्या ओठ मिटून गुणगुणत होत्या,
तार अजून वरच होती.
ढोलकीवाल्याने उसासा टाकला
आणि माझ्याकडे पाना मागितला.