नोंदीतून वगळलेलं

कुताइसीच्या दिवाणी न्यायालयात
मी टंकलेखिका, अकरा वर्षं.
बोललेलं तसंच्या तसं उतरवायचं,
खोकला सोडून.

रात्री घरी लिहायला बसले की मात्र
माझी माणसं भाषणं ठोकायची.
बायकोला सोडून जाणारा नवरा
दारात उभा राहून दीड पान बोलायचा,
एकदाही न अडखळता.
शिवाय बाहेर वादळ. कायम वादळ.

खालच्या मजल्यावरचा शाल्वा,
रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेला,
अक्रोड सोलता सोलता वाचायचा.
त्या हिरव्या सालीनं बोटं काळी होतात.
पहिली गोष्ट परत आली
तेव्हा पहिल्या पानावर दोन ठसे,
बाकीची अठरा पानं स्वच्छ.
"छान आहे," म्हणाला.
मी गप्प. पानं मोजता येतात मला.

मग तुतीच्या झाडाचा खटला उभा राहिला.
दोन भाऊ, मधे कुंपण, झाड नेमकं कुणाचं.
धाकट्याच्या बायकोला विचारलं,
फांदी तोडली त्या रात्री आपण कुठे होता?
ती म्हणाली, "घरात मीठ नव्हतं."
वकिलानं पुन्हा विचारलं.
"मागायचं तर त्यांच्याच दारात जावं लागलं असतं."
असंबद्ध, न्यायाधीशबाई म्हणाल्या,
नोंदीतून वगळा.

मी वगळलं.
पण रिओनीच्या पुलावरून घरी येताना
ते मीठ माझ्यासोबत चालत होतं.

तेव्हापासून वगळलेलंच जमवते.
"माझा कोट नवा होता, साहेब."
"कुत्रा तसा कुणाचाच नव्हता."
वादळ काढून टाकलं.
नवरा आता एवढंच विचारतो,
"गॅस बंद केलास ना?"
आणि जातो.
त्या दीड पानात एक उपमा बरी होती.
वहीच्या मागे लिहून ठेवलीय,
फेकवत नाही.

एवढं करून चार गोष्टी
तिसऱ्या पानावरच थांबून परत आल्या.
या ऑक्टोबरात पाचवी.
ठसे बाराव्या पानापर्यंत,
पुढे एकही नाही.
माझं तोंड उतरलेलं पाहून शाल्वा म्हणाला,
"तिथे मी हात धुऊन आलो."
मग बराच वेळ सालींचा ढीग
उगाच इकडून तिकडे केला.
"पण जाताना ती बाई
किल्ली कुठे ठेवते?"

मला ठाऊक नव्हतं.
तिला विचारायला
मी वर गेले.