मागची बाजू

कुपवाडच्या एमआयडीसीत, शेड नंबर चौदा,
बावीस वर्षं मी मागची बाजू लावतोय.
पुढची बाजू दुसरे लावतात:
गुलाब, दुधाची धार, हसणारं पोर, पिकला आंबा.
आंब्याला जागा लागते.
म्हणून पार्टी म्हणते, "मगदूम, मागचं जरा आवळा."
मी आवळतो.
आधी अक्षर, मग ओळ,
मग दोन शब्दांमधला श्वास.
स्वल्पविराम तेवढे ठेवतो, इतकी लाज आहे.
कायद्यात बसतंय का ते पट्टी लावून बघतो.
डोळ्यात बसतंय का, हे आजवर कुणी विचारलं नाही.

आमच्या घरात कांदा येत नाही, बटाटा येत नाही.
ऊन हरिपूरच्या अंगाला कललं की ताटं पडतात,
दिवा लागायच्या आत उचलली जातात.
पीठ चाळताना अळी सापडली
तर अनंतमती चाळणीसकट अंगणात जाते,
तिला शेवग्याच्या पानावर सोडते,
म्हणते, जा बाई.
मी हसत नाही. मीही असल्याच घरातला.
पगार तेवढा शेडमधून येतो.

फेब्रुवारीत धाकट्या मेहुणीचं लग्न.
मार्केट यार्डाकडनं वारा आला की
दोरीवरच्या चादरींनासुद्धा हळदीचा वास, ते दिवस.
गणपती पेठेतनं सामान आलं:
काकणं, मेंदीचे कोन, राजापुरी हळद पावशेर,
आणि एक लिपस्टिक, डाळिंबी.
खोक्यावर हिरवा ठिपका नव्हता. तांबडाही नव्हता.
अनंतमतीनं खोका डोळ्यापाशी नेला,
लांब धरला, पुन्हा जवळ.
"अहो, तुमच्यातलंच काम दिसतंय. वाचा की."

वाचायची गरज नव्हती.
दिवाळीच्या आधी मीच लावलं होतं, रात्रपाळीत,
शेवटची ओळ घडीत जात होती म्हणून
अजून अर्धा पॉइंट उतरवून.
"सी आय, सात पाच चार सात शून्य."
"म्हणजे?"
"रंगाचा नंबर."
"रंग कशाचा?"

प्रेसमधल्या सुहासनं एकदा मोबाईलवर दाखवलं होतं:
निवडुंगावर बसणारे किडे,
वाळवायचे, कुटायचे,
पोतंभर जिवाला मूठभर लाल.
तेव्हा मी चहा पीत होतो. चहा पुरा प्यालो.

सांगितलं तिला. सगळं नाही.
पोतं गाळलं.

ती काही बोलली नाही.
खोका उचलून अंगणात गेली,
शेवग्याखाली उभी राहिली,
एका हातानं फांदी वाकवली,
आणि तशीच थांबली.
मग माझ्याकडं वळून म्हणाली,
"हे सोडायचं कुठं?"

सोमवारी मी जुनी फाईल उघडली.
ती एक ओळ अर्ध्या पॉइंटानं वाढवली.
पुढच्या बाजूचा गुलाब एका पाकळीनं सरकला.
पार्टीचा फोन आला नाही.
बहुतेक कुणाला दिसलंच नसेल,
ना गुलाब, ना ओळ.

घरात आता रोज वाचन असतं.
टूथपेस्ट, बिस्किट, केसांचं तेल.
ती आकडे विचारते, मी सांगतो;
कळत नाही तिथं "कळत नाही" म्हणतो,
आणि हे उत्तर मला वाटलं होतं
त्यापेक्षा फार वेळा द्यावं लागतं.
गेल्या रविवारी तिनं साबणाचा कागद
उन्हात धरून उलटून बघितला,
जणू मागच्या बाजूलाही एखादी मागची बाजू असेल.

लग्न झालं, नेमिनाथनगरच्या कार्यालयात.
मेहुणीनं मैत्रिणीकडनं दुसरी आणवली होती.
तिचा खोका मी बघितला नाही,
असं घरी सांगितलंय.
अक्षता पडल्या तेव्हा ती हसली,
ओठ अगदी डाळिंबी.
छान दिसत होती पोरगी, खोटं कशाला बोलू.
अनंतमतीनं माझ्याकडं बघितलं.
मी पंगतीची पानं मोजायला लागलो.