डावा कान

पहिल्या भागात खरवस एकटा होता.
एकट्याने घर लुटलं: उकडीचे मोदक, आजोबांची कवळी,
साखरपुड्याची अंगठी, शेवटी चोराची पँट.
त्या पँटीवर पंधरा आठवडे चालला सिनेमा.

म्हणून दुसऱ्या भागात त्याला पिल्लं.
"एका कुत्र्याने एवढा गल्ला, तर सातांनी किती?"
निर्मात्यांनी त्रैराशिक मांडलं
आणि मढला बंगला घेतला, पंचेचाळीस दिवसांच्या बोलीवर.

माझं काम, डाग.
खरवसच्या डाव्या कानावर जन्मापासून एक तपकिरी वर्तुळ आहे,
कुणी चहाचा कप टेकवून उचलल्यासारखं.
बाप तसे बेटे,
तेव्हा सहाही कानांवर रोज सकाळी सहाला मी ते काढायचे:
कोरा चहा, चिमूटभर कात, काडीला कापूस.
तीन नंबर शेजाऱ्यांचे डाग चाटून टाकायची.
दोन नंबरच्या एकदा उजव्या कानावर काढला गेला.
तो शॉट सिनेमात आहे. अजून कुणी पकडलेला नाही.

दहाव्या दिवशी लक्षात आलं की पिल्लं वाढतात.
टोपलीत मावणारी आता टोपलीच ओढत न्यायची.
"जरा थांबवता येईल का?" असं फोनवर खरंच विचारलं गेलं.
आंतोन डिमेलो, खरवसचे मालक, गोराईचे,
म्हणाले, "आधी तुमच्या निहारला थांबवा.
पहिल्या भागात दुधाचे दात होते, आता मिसरूड फुटलीय."
फुटली होती. 'खरवस, इकडे ये' एवढ्यात
त्याचा आवाज दोनदा खाली पडायचा.

आणि फाटकाबाहेर, जनरेटरच्या सावलीत, ती.
काळी, हाडकुळी. वॉचमन इद्रिस तिला बाई म्हणायचा.
"बाई आल्या."
सहाही तिचीच, किनाऱ्यावरच्या पालथ्या होडीखाली झालेली.
करार तिच्याशी झाला नव्हता,
पण वेळापत्रक तिच्या दुधावर चालायचं.
दर तीन तासांनी फाटक उघडायचं
आणि नव्वद माणसं दिवे मालवून
बाईंचं होईपर्यंत बिस्किटं खात बसायची.

सोळाव्या दिवशी ती आली नाही.
इद्रिस म्हणे, वर्सोव्याच्या फेरीबोटीत चढताना दिसली,
मासळीच्या टोपलीमागून.
वाढदिवसाचा सीन लागला होता. केक वितळत होता.
पिल्लं आधी केकाटली, मग एकेक करून
खरवसकडे गेली
आणि त्याच्या पोटाखाली डोकं खुपसून शोधू लागली.

खरवस नर. वय सहा. नऊ जाहिराती केलेल्या.
बस, लोळ, मेल्यासारखा पड, सगळं येतं.
हे कुणी शिकवलं नव्हतं.
त्याने आंतोनकडे बघितलं.
आंतोनने हात हलवला नाही.
मग तो सावकाश कुशीवर झाला
आणि मागचा पाय वर घेतला,
जागा करून दिल्यासारखा.

थेटरात इथे हशा पिकतो.
बोरिवलीला मी भाचीला घेऊन गेले होते.
पुढच्या रांगेतल्या बाईंना हसता हसता उचकी लागली.
हसण्यासारखंच आहे, मागे ट्रंपेट वाजतो,
चार नंबर फसवणूक झाल्यासारखं कॅमेऱ्याकडे बघतं.
मीही हसले.
आणि तेवढ्यात पडद्याच्या कडेला, अर्धा सेकंद,
फाटकाच्या फटीत एक काळं ओलं नाक.

म्हणजे आली होती.
त्या दिवशी मला दिसलं नव्हतं. मी कान बघत होते.

नावं वर सरकली. सहा पिल्लांची आली,
इद्रिसचं इंद्रजित होऊन आलं.
बाईंचं शोधत मी दिवे लागेपर्यंत बसले.
"तिसऱ्या भागात काय असेल गं?" भाची म्हणाली.

तीन नंबर आता माझ्याकडे असते, चारकोपला,
सोसायटीच्या दोन नोटिशींसकट.
गुडघ्याइतकी झालीय. दोन्ही कान कोरे.
पण सकाळी सहाला येते, समोर बसते
आणि डावा पुढे करते.
माझ्या हातात चहा असतो.