माथ्याचा दगड वळताना

भिंत सरळ होती तोवर भिवसन बोलत होता.
मुकुटबनच्या फरश्या, दीड इंची, राखाडी,
एकीला एक लागत गेल्या,
दोरी ताणलेली, ओळंबा निवांत,
आणि तो सांगत होता साळ्याच्या लग्नाचं,
डीजेवाल्याच्या भांडणाचं,
भातात मीठच नव्हतं त्याचं.
मग भिंत बिब्याच्या झाडापाशी वळली
आणि तो गप्प झाला.

बिबा मी तोडू दिला नाही.
उततो, म्हणाले सगळे, अंगणात कशाला.
लेकरांच्या पोटावर बिब्याचे डाग देऊ नका म्हणून
मी बत्तीस वर्षं भांडले,
उपकेंद्राची पेटी सायकलला बांधून, गावोगाव.
झाडाचा त्यात काय दोष?
त्याच्यासाठी भिंतीनं काटकोन सोडला,
जराशी फाकली,
दिवस भरलेल्या बाईनं कूस बदलावी तशी.

अंकुश, त्याचा पोरगा, यंदाच आयटीआय झालेला.
"पंचेचाळीस-पंचेचाळीस मारून टाकू, बाबा."
कटर कोकलला. पांढरी धूळ
वांग्यांवर, माझ्या चष्म्यावर,
दोरीवरच्या ओल्या लुगड्यावर.
तुकडे शेजारी ठेवले:
बाहेरची टोकं टेकली,
आत मातीकडे चार बोटांचं तोंड उघडंच.
पोरगा त्यात सिमेंट भरायला वाकला.
भिवसननं थापी काढून घेतली.
"दात पडला त चुना भरतेस काय बे?"

आणि मग त्यानं काहीच मोजलं नाही.
एक नवी फरशी या भिंतीच्या रेषेत
कोपऱ्याच्या पार पुढे जाऊ दिली.
दुसरी त्या भिंतीच्या रेषेत,
पहिलीच्या अंगावर चढवली.
बाहेरच्या कडा जिथं एकमेकींना कापत होत्या
तिथं खिळ्यानं एक ओरखडा.
आतल्या कडा जिथं कापत होत्या, तिथं दुसरा.
दोन ओरखड्यांमधून एक रेघ.
वरचीवर. तशीच खालचीवर.

"किती अंशाचा कोन आहे हा?" मी विचारलं.
"जेवढा हाये तेवढा," तो म्हणाला.

अर्धं कटरनं, अर्धं छन्नीनं.
टक् टक् टक्, मग एक वेगळाच आवाज,
आणि दोन्ही फरश्यांमधून सारख्या मापाचा
एकेक त्रिकोण गळून पडला.
मला इथं काहीतरी बोध सुचत होता,
नवरा-बायको, भाऊ-भाऊ, असलं काही.
तेवढ्यात चूल आठवली. चहा उतू गेला होता.

परत आले तर कोपरा बसलेला.
दोन दगड, आणि मध्ये
सुतळी जाईल एवढी फट.
मी बोट ठेवलं. "ही राहिली का?"
"राहिली नाही, बाई जी, ठेवली.
माती काळी हाये तुमची.
चैतात आंग चोरते, सावनात फुगते.
दाबून बसवलं त दगडच फुटते."
त्या फटीत त्यानं चुना आणि चाळलेली रेती
बोटाच्या पेरानं भरली,
हळू, जखमेत मलम भरतात तशी.
मी खूप जखमा भरल्या आहेत.
हात बरोबर होता.

त्रिकोणांपैकी एक माझ्या मोटारीच्या पेटीखाली गेला,
ती कधीची डुगडुगत होती.
दुसरा अंकुशनं उचलला,
पालथा केला, रेघ पाहिली,
कोणी बघत नाही असं समजून पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी खालचा कोपरा, नाल्याकडचा.
इथं भिंत आतल्या बाजूला मोडते, त्रास जास्त.
अंकुशनं मोबाईल खिशातच ठेवला.
एक फरशी ठेवली, तिच्यावर दुसरी चढवली,
आणि मागं न बघता हात पसरला.
भिवसननं त्यावर खिळा ठेवला.
मग तो बिब्याच्या सावलीपासून जरा लांब,
उन्हातच टेकला, विडी काढली,
आणि माझ्याकडे वळून म्हणाला,
"त काय सांगत होतो मी...
भात आला, बाई जी,
अन् मीठच नाही."