केसांवर भांडी

नरसव्वा वर्षातून दोनदा येते हर्णैला,
होळीच्या आसपास, आणि नारळी पुनवेनंतर एकदा.
डोक्यावर पाटी, पाटीत टोप, गाळण्या, कडीचे डबे,
खांद्याला झोळी. झोळीत
दाभोळपासून इथपर्यंतच्या बायकांचे केस.

यंदा माझं गुंतवळ मोठं होतं.
पत्र्याच्या फटीत खोचून खोचून
खारीची अख्खी पिशवी भरली होती.
मनात म्हटलं, चला, भाताचा टोप सुटला.

तिने चिमूटभर ओढून उन्हात धरलं,
मुळाकडच्या टोकावरून बोट फिरवलं.
"एवढे? घरात बायका किती?"
मी एकटीच.
"बाळंत झालीस?"
चार महिने झाले.
"आणि जेवतेस कधी?"

हे काय विचारणं?
सगळ्यांचं झाल्यावर.

ती पाटी उतरवून ओट्यावर बसली.
"केस उशिरा बोलतो, बाय.
आज पोट मारलंस तर आज गप्प राहील,
दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात येऊन बसेल.
हे आत्ताचे नव्हेत.
हे वैशाखातले."

वैशाखात काय होतं माझ्या ताटात?
पेज. चहा. चहात बुडवलेलं बटर.
लिलावात आमच्याच होडीची सुरमई गेली,
गाबोळी हॉटेलवाल्याने आधीच सांगून ठेवलेली,
तारल्या घरी आल्या त्या पोरांनी खाल्ल्या.
मला सार. सारात एखादं शेपूट,
तेही बहुतेक काटाच.

उपकेंद्रातल्या आसावले सिस्टरनी
लाल गोळ्या दिल्या होत्या, लोहाच्या.
त्या मी चहाबरोबर घेतल्या, पंधरा दिवस,
मग पोट धरलं म्हणून डब्यात टाकल्या.
दापोलीहून तेल आणलं मात्र,
तीनशे चाळीस रुपयांचं.
बाटलीवरच्या मुलीचे केस गुडघ्यापर्यंत.

नरसव्वाने बाटली हुंगली, परत दिली.
"माडाला पाणी झावळ्यांवर ओततेस की आळ्यात?"

मग पिशवी तोलली हाताने, तोंड वाकडं केलं.
"पातळ आहे. याला भाव नाही."
मी भांडले. अर्धा तास भांडले.
शेवटी एक वाटी मिळाली, काठाला पोचा असलेली.
"पुढल्या खेपेला जाड दे, टोप देते."
धंद्याचं बोलून उठली ती.

वाटी फेकणारच होते.
पण हाताशी तीच, म्हणून तीच वापरली.
भाकरी थापायच्या आधी
कुळथाचं कढण तिच्यात काढून ठेवायचं, माझं.
बांगड्याचं डोकं काढून ठेवायचं, माझं.
शेगटाचा पाला, मुठे आले तर मुठे,
कधी आळीव नारळाच्या रसात भिजवलेले,
आणि गोळी. आता चहाबरोबर नाही,
लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर,
सिस्टर म्हणाल्या तसं.
पहिल्या दिवशी सासऱ्यांनी वाटीकडे पाहिलं,
खोकले,
आणि स्वतःचं ताट ओढून जेवू लागले.
नवरा म्हणाला, हे काय नवीन?
मी म्हटलं, नवीन नाही, राहिलेलं आहे.

गणपतीत केस गळतच होते.
दसऱ्यालाही.
सिस्टर म्हणाल्या, महिन्याला अर्धा बोट वाढतो केस,
आणि काही तसेही आपोआप थांबतात बाळंतिणीचे,
सगळं श्रेय कुळथाला देऊ नकोस.
देत नाही.
पण जिना चढताना धाप लागायची ती लागत नाही,
हे कुणाचं म्हणायचं?

थंडीत एकदा भांग पाडताना
कपाळाच्या कडेला काही टोचलं.
बारीक केस. पेराएवढे. ताठ.
पाणी लावलं तरी बसेनात,
शेतात भात रुजावा तसे उभे.
लेकीच्या टाळूवरही तसलेच.
दोघींना एकाच फणीने विंचरलं.

आता होळी चार दिवसांवर.
पत्र्याच्या फटीत हात घातला तर
निघालं सुपारीएवढं गुंतवळ,
चमचासुद्धा यायचा नाही त्यावर.

टोप राहिलाच.
नरसव्वा चिडेल.
तिच्यासाठी एक वाटी कढण जास्त टाकलंय,
त्याच पोच्याच्या वाटीत द्यायचं.