बाकीचे नऊ

मिरजेत, तळमजल्यावर, एसीच्या गारठ्यात
मी छातीचे काप बघत बसते.
गाठीभोवती माउसनं कड काढायची,
रकान्यात प्रकार लिहायचा.
अडीच हजार कडा झाल्या, तेव्हा कुठं
मशीनला जरा दिसायला लागलं.

आज अण्णाप्पा मगदूम.
सांगलीच्या यार्डात चाळीस वर्षं हळदीची प्रत लावली,
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
'काय म्हंतंय तुमचं यंत्र?'
अडेनो, म्हटलं. एक्क्याण्णव टक्के.
'आणि बाकीचे नऊ?'

मी स्क्रीनकडे पाहिलं.
नऊलाही तिथं एक नाव होतं.
ते मी वाचलं नाही.

'वरनं सगळी हळकुंडं सारखीच, बाई.
पॉलिश केल्यालं तर लईच फसवतंय.
मोडायचं. कट्‌कन वाजलं पायजे.
आतला रंग बघायचा,
मग भाव बोलायचा.'

तेच करणार आहोत, म्हटलं. सोमवारी. सुईनं.
'मग आधी सांगायचं की!'
सदऱ्याची बटणं लावता लावता
खिशातलं एक हळकुंड काढून
कीबोर्डशेजारी ठेवून गेले.

मशीन विचारतंय : प्रकार?
रकाना कोरा ठेवलाय.
हळकुंड अजून अख्खं आहे.